विहीणबाईंचं आजोळ : इटलीत

आपल्यापैकी कितीतरीजणींची मुलं आता परदेशी आहेत, आणि त्यांतल्या काहींनी लग्नंही तिकडच्याच घराण्यांत केली आहेत. व्याही म्हणजे साताऱ्याचे, नाहीतर फार तर इंदूर-बडोद्याचे, हे दिवस मागे पडले. माझ्या लेकीचं सासर अमेरिकेत, न्यू जर्सीला. पण ‘मूळचे कुठले हो तुम्ही?’ हा आपला प्रश्न तिथेही चालतो, बरं का! विचारलं की विहीणबाईंचा चेहरा खुलतो आणि उत्तर येतं, ‘‘इटलीचे.’’

१८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक माणसं इटलीतून अमेरिकेला गेली. बहुतेक दक्षिणेकडची, दुसऱ्याच्या शेतावर राबणारी. त्यांची नातवंडं आता साठी-सत्तरीला आली आहेत. संसार मार्गी लागले, हाताशी पैसा आणि सवड आहे, आणि कुलदैवताला जायचं राहून गेलं की आपल्याला जशी चुटपुट लागते तशी त्यांना मूळ गावाची लागते. मग मुलं-नातवंडं गोळा करून सहल ठरते, आणि माणसं मनाची मोकळी असली तर सुनेच्या आईवडिलांनाही आग्रहाचं बोलावणं येतं. तुम्हाला असं बोलावणं आलं तर नुसती बॅग भरून मागून जाऊ नका. या सहलीची तयारी नेहमीच्या परदेशवारीहून अगदी निराळी असते, आणि त्यात आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बाईचा फार उपयोग होतो.

तिकिटांच्या आधी कपाटं उपसायला लावा. जन्माचे-लग्नाचे-मृत्यूचे दाखले, जुनी पत्रं (पाकिटासकट! टपालाचा शिक्का महत्त्वाचा), चर्चमधली चित्रं, फोटोंच्या पाठीमागचा मजकूर. घरात विचारलंत तर हमखास ऐकू येईल, ‘आम्ही नेपल्सचे.’ खोदून विचारावं तर एवढंच निघतं की आजोबांची बोट नेपल्सहून सुटली होती. आपल्याकडे नाही का, कोकणातून बोटीने आलेला माणूस गुजराथेत ‘मुंबईवाला’ होतो? नेमकं गाव हवं, आणि त्याचा त्या वेळचा जिल्हाही हवा, कारण तिथल्या हद्दी बदलल्या आहेत. मातेरा हा जिल्हा १९२७ साली पोतेन्झा जिल्ह्यातून वेगळा झाला; मोलीसे हा प्रांत १९६३ साली अब्रुत्सोपासून तुटला. एकाच नावाची गावं तर किती! आमच्या विहीणबाईंचं आजोळ ‘क्राको’. नातवाने ते कॉम्प्युटरवर शोधलं तर पोलंडमधलं शहर पुढे आलं आणि दोन दिवस सगळं घर पोलंडची हॉटेलं बघत होतं.

बोटींच्या याद्या हा दुसरा खजिना. न्यूयॉर्कचं एलिस बेट १८९२ साली सुरू झालं. तिथे उतरलेल्यांच्या याद्या आता घरबसल्या, फुकट बघता येतात. प्रत्येक नावापुढे रकाने असतात : वय, शेवटचं राहण्याचं गाव, गावी मागे राहिलेलं जवळचं माणूस, कुणाकडे चाललात, जवळ पैसे किती, लिहिता-वाचता येतं का. बेटावरच्या कारकुनांनी लोकांची नावं बदलून टाकली, अशी गोष्ट अमेरिकेत घरोघर सांगतात. तीत तथ्य नाही. या याद्या बोट सुटायच्या बंदरावरच भरल्या जात.

आता मुख्य गोष्ट सांगते, आणि ही आपल्याला मनापासून आवडेल. इटलीत लग्न झालं तरी बाईचं आडनाव दप्तरी बदलत नाही. जन्माच्या नोंदीत जे नाव, तेच मृत्यूच्या नोंदीत. १९७५ च्या कायद्याने तर बाईने नवऱ्याचं आडनाव स्वतःच्या आडनावाला जोडावं, असं म्हटलं. स्वतःचं पुसावं असं नाही. आपल्याकडे आडनावच काय, कित्येक घरांत अजून तांदळाच्या ताटात पहिलं नावसुद्धा बदलतात. तेव्हा इटलीची पणजी शोधायची तर तिचं माहेरचं आडनाव हवं. सासरच्या नावाने शोधाल तर ती सापडायचीच नाही, कारण बोटीच्या यादीतसुद्धा लग्न झालेल्या इटालियन बायका बहुधा माहेरच्या नावानेच चढलेल्या असतात.

विहीणबाईंच्या आजीचं हेच झालं होतं. सगळं घर तिला ‘नोन्ना’ म्हणायचं, म्हणजे आजी. आजोबांचं नाव, गाव, बोट, सगळं ठाऊक; ते आधी गेले, पाच वर्षांनी नोन्ना कडेवर मूल घेऊन मागून गेली, एवढीच तिची हकिगत. (नवरा अमेरिकेत आणि आपण गावात, अशा मागे राहिलेल्या बायकांना तिथे ‘पांढऱ्या विधवा’ म्हणत. आपल्या रत्नागिरीच्या आणि साताऱ्याच्या चाकरमान्यांच्या बायकांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.) तिचं माहेरचं आडनाव मात्र घरात एकालाही माहीत नव्हतं. शेवटी ते मिळालं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, विहीणबाईंच्या आईच्या अमेरिकेतल्या जन्मदाखल्यावर. अमेरिकेच्या दाखल्यांवर ‘आईचं लग्नापूर्वीचं नाव’ असा रकाना असतो. मृत्यूच्या दाखल्यावरही असतो. तो आधी बघा.

त्या आडनावाने बोटीची यादी उघडली आणि नोन्ना पंधरा मिनिटांत सापडली. वय सव्वीस, सोबत चार वर्षांचा मुलगा, गाव क्राको. आणि पुढे, वाचता येतं का? नाही. लिहिता? नाही. लेक सांगत होती, त्या रकान्यावर बोट ठेवून विहीणबाई गप्पच बसल्या. लहानपणी गावाकडून पत्र आलं की नोन्ना त्यांना जवळ बोलवायची आणि म्हणायची, माझा चष्मा सापडत नाही, तू वाच बघू. नोन्नाचे डोळे अधू आहेत, असंच त्यांना बहात्तर वर्षांच्या होईपर्यंत वाटत होतं.

गाव ठरलं की इटलीतली दप्तरं. दक्षिणेत जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८०९ पासून सुरू झाली, सिसिलीत १८२० पासून, आणि एक झालेल्या इटलीत १८६६ पासून. त्यामागच्या नोंदी चर्चकडे. सरकारी पुराभिलेखागारांनी जुनी पानं ‘अन्तेनाती’ (म्हणजे पूर्वज) या नावाच्या संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. भाषा येत नाही म्हणून घाबरू नका. चार शब्द आले की पुरे. बापाच्या नावाआधी ‘दि’ असेल तर बाप हयात, ‘फू’ असेल तर आपल्या ‘कै.’सारखं समजा. ‘नाता’ म्हणजे जन्मनाव, माहेरची अमुक. आणि नावांचा गोंधळ झाला तर चिडू नका. पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, मुलींनाही तसंच आज्यांचं, अशी रीत. त्यामुळे एका गल्लीत, एका वयाचे, एका नावाचे पाच चुलत भाऊ निघतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या घरांतून काय वेगळं आहे? आईच्या नावावरून योग्य तो ओळखायचा. तिथेही पुन्हा माहेरचं आडनावच उपयोगी पडतं.

गावच्या कचेरीला, म्हणजे तिथल्या ‘कोमूने’ला, तीन-चार महिने आधी इटालियनमध्ये छोटंसं पत्र लिहा : कुणाचा दाखला हवा, साल कोणतं, आम्ही कधी येतो आहोत. न कळवता जाऊन थडकू नका. लहान गावात हे काम बघणारा माणूस बहुधा एकच असतो, तोही सकाळचाच भेटतो. ऑगस्ट तर टाळाच. पंधरा ऑगस्टला त्यांचा मोठा सण, त्याच्या आगेमागे सगळा देश सुट्टीवर. शिवाय प्रत्येक गावाच्या संताचा एक दिवस असतो, त्या दिवशीही कचेरी बंद.

हे सगळं करताना कुणीतरी नागरिकत्वाचा विषय काढतोच. पूर्वी पणजोबांच्या जोरावर इटलीचा पासपोर्ट मिळे. २०२५ च्या कायद्याने ते आता साधारण आईवडील आणि आजी-आजोबांपर्यंतच आणून ठेवलं आहे. आणि बाईकडून येणारं नागरिकत्व तर १ जानेवारी १९४८ नंतर जन्मलेल्या मुलांनाच मिळे, आधीच्यांना कोर्टाची पायरी चढावी लागे! ज्या देशाने बाईचं आडनाव राखलं त्यानेच हा न्याय करावा, याचं नवल वाटतं. असो. ते काम वकिलाचं. सहलीत ते घुसवलंत तर जेवणाच्या टेबलावर भांडणं होतील.

भांडणं तशीही होतात. नातवंडांना पिसाचा मनोरा आणि व्हेनिसच्या होड्या हव्या, मोठ्यांना गाव. माझं स्पष्ट मत आहे की सात दिवसांत सात शहरं करणाऱ्यांनी मूळ गावाच्या भानगडीत पडू नये. गावाला कमीत कमी दोन रात्री द्या. पहिला दिवस नुसता रस्ता ओळखण्यात जातो. माणसं बोलू लागतात ती दुसऱ्या दिवशी. आम्ही सप्टेंबरअखेरीस बारा दिवस गेलो : चार रोमला, तीन अब्रुत्सोत, चार मातेराला, एक प्रवासात. व्हेनिस पुढच्या खेपेला. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हेच महिने चांगले.

आपल्या व्हिसाचं आपणच बघायचं. जावयाला अमेरिकेच्या पासपोर्टवर थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, म्हणून त्याच्या ते लक्षातही येत नाही. आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. जास्त दिवस इटलीत राहणार तर अर्ज इटलीकडेच करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. निदान दोन-अडीच महिने तरी हाती ठेवा. प्रवासविमा तीस हजार युरोंचा लागतो. गाडी चालवणाऱ्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना हवा, आणि त्याला सांगून ठेवा की जुन्या शहरांत ठरावीक भागांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. कॅमेरा नंबर टिपतो, दंड घरपोच येतो.

रोमहून आगगाडीने अडीच-तीन तासांवर सुल्मोना. तिथून दहाएक किलोमीटर वर, मायेल्ला डोंगराच्या कुशीत पाचेन्त्रो, आमच्या व्याह्यांच्या आजोबांचं गाव. मडोना ही गायिका, तिचेही आजी-आजोबा याच गावचे. किल्ल्याचे बुरूज, दगडी पायऱ्या, खिडकीत लाल मिरच्यांच्या माळा. कबरस्तानात जाल तेव्हा फार आशा धरू नका. कबरींवर माणसांचे चिनीमातीवर उमटवलेले फोटो असतात, बघत राहावंसं वाटतं. पण जागा ठरावीक वर्षांसाठीच मिळते, मग अस्थी एकत्र ठेवतात. शंभर वर्षांपूर्वीचा पणजोबा तिथे सापडत नाही. व्याह्यांना वाईट वाटलं, पण त्यांच्या आडनावाच्या तीस-चाळीस पाट्या सापडल्या त्यावर ते खूष झाले.

सुल्मोनात मात्र मी रमले. तिथे ‘कोन्फेत्ती’ करतात. बदामावर साखरेच्या पाकाचे थर चढवायचे, तांब्याच्या फिरत्या कढयांत, हळूहळू, दीड-दोन दिवस. अहो, हा तर आपला हलवाच! आपला काटेरी, त्यांचा गुळगुळीत, इतकंच. पेलिनो घराणं १७८३ पासून हे करतंय, त्यांचं छोटं संग्रहालयही आहे. लग्नाला पांढरे, बारशाला गुलाबी-निळे, पदवीला लाल, पंचवीस वर्षांना चंदेरी. आणि पाहुण्यांना देताना मोजून पाच. रंगीत कागदात गुंडाळून त्यांची फुलं, गुच्छ, परड्या करतात. मी फोनवर नातीच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने दाखवले तर दुकानातल्या दोघी बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या. तीळ की खसखस, विस्तव किती, बोटं भाजत नाहीत का, सगळं विचारून घेतलं. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती.

तिथून समुद्राच्या बाजूने खाली बारीकडे जाताना तोरीनो दि सांग्रोजवळ दुसऱ्या महायुद्धातली सैनिकांची दफनभूमी लागते. गाडी थांबवायला लावा. आत हिंदुस्थानी सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. ज्यांचं धर्माप्रमाणे दहन झालं, त्या पाचशेहून अधिक जणांची नावं तिथे कोरली आहेत. मराठा पलटणी इटलीत लढल्या हे आपण शाळेत कधी धड शिकलो नाही. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वर उंब्रियात तीबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो त्यांच्या पत्नीने स्वीकारला. मोन्तोने गावात २०२३ साली त्यांचं स्मारक झालं. तुमच्या घरातला कुणी त्या लढाईतून परत आला नसेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नावाने शोधता येतं. पुष्कळ नोंदींत वडिलांचं, बायकोचं आणि गावाचं नावही असतं. आमच्या सहलीत तेवढंच एक ठिकाण असं होतं की जिथे व्याही मंडळी मागे उभी राहिली आणि आम्ही पुढे होतो.

मातेराबद्दल लिहायचं तर वेगळा लेख हवा. डोंगरात कोरलेली घरं, ‘सास्सी’. माणूस, खेचर, कोंबड्या एका छपराखाली. १९५२ च्या कायद्याने तिथल्या सुमारे पंधरा हजार माणसांना बाहेर नव्या वस्तीत हलवलं. तेव्हा सास्सी देशाला लाज वाटावी अशी जागा होती. १९९३ पासून ती जागतिक वारसा आहे आणि तिथल्या गुहांत महागडी हॉटेलं आहेत! एक घर जुन्यासारखं मांडून ठेवलंय ते बघा. उंच पलंग, खाली कोंबड्या, मागे खेचराची जागा.

क्राको तिथून पन्नासेक किलोमीटर. चिकणमातीच्या उघड्याबोडक्या टेकड्या आणि त्यांतल्या एकीवर बुरूज नि घरं, लांबून अगदी नांदतं गाव वाटतं. पण तिथे कुणी राहत नाही. १९६३ साली जमीन घसरू लागली, माणसांना खाली दरीत वसवलं, १९८० च्या भूकंपानंतर उरलंसुरलंही उठलं. उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसदेव ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. आत जायचं ते हेल्मेट घालून, वाटाड्याबरोबर, ठरलेल्या वाटेनेच. आधी नोंदवून जा. म्हाताऱ्या माणसांना चढ जड जातो.

विहीणबाईंकडे नोन्नाच्या जन्माच्या नोंदीची प्रत होती, तीत गल्लीचं नाव होतं. वाटाड्याने ते वाचलं आणि बंद केलेल्या भागाकडे बोट केलं. एक भिंत, एक रिकामी खिडकी, आत वाढलेलं अंजिराचं झाड. ते घर तेच, असं कोण सांगणार? त्या कठड्याला धरून बराच वेळ उभ्या होत्या. नात मला मराठीत म्हणाली, ‘‘आजी, तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय?’’ आईच्या आईचं सांगितलं. ‘‘आणि तिच्या आईचं?’’ आमच्याकडे छापील कुलवृत्तांत आहे, सोळा पिढ्यांचा. त्यात ती अमक्याची पत्नी म्हणून आहे. मी तिला खालची वाट बघून चाल म्हटलं.

खाली दरीतल्या नव्या क्राकोत मात्र जरूर थांबा. चार माणसं तिथेच भेटतात. दारात बसलेल्या एका म्हातारीला विहीणबाईंनी नोन्नाचं आडनाव सांगितलं, तशी ती उठून हात धरून घरात घेऊन गेली आणि तिने तळलेल्या वाळक्या मिरच्या पुढे ठेवल्या. ‘पेपेरोनी क्रुस्की’ म्हणतात. आपल्या सांडगी मिरचीची तिखट नसलेली बहीणच. भेटीला काय न्यावं म्हणाल तर जड वस्तू नकोत. मी नेलेल्या खणाच्या पिशव्या फार आवडल्या.

शाकाहारींची आबाळ होत नाही. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ (मांस नको, मासे नको) एवढं पाठ करा. वालासारख्या शेंगांच्या वाळक्या दाण्यांची पातळ पिठी आणि वर कडसर पालेभाजी, हे दक्षिणेतलं साधं जेवण आपल्या जिभेला चटकन रुचतं. ‘फार्रो’ मागवा, ती आपली खपलीच. कडक पाळणाऱ्यांनी मात्र पार्मिजानो चीज टाळावं, त्याला वासराच्या पोटातलं विरजण असतं, आणि काही पावांत डुकराची चरबी असते तीही विचारून घ्यावी. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लागतो, तो टेबलाचा आकार. वाद घालू नका.

मातेराचा पाव मात्र निर्धास्त खा. पूर्वी घरोघर कणीक मळून सार्वजनिक भट्टीत भाजायला द्यायची. आपला पाव ओळखू यावा म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असे, अक्षरं कोरलेला. तसे शिक्के अजून विकत मिळतात. विहीणबाईंनी दोन करून घेतले, एकावर घरचं अक्षर आणि एकावर नोन्नाच्या माहेरचं. पाव आठवडाभर चांगला राहतो. निघायच्या सकाळी एक मोठा घेऊन जाड कागदात बांधा. विमानतळावरच्या खाण्यापेक्षा कितीतरी बरा.